जोथम पिंग्री उभा राहिला तो दिवस

जोथम पिंग्री आयुष्यातल्या पहिल्या खटल्याला उभा राहिला, त्या सकाळी तो आधी कोर्टामागच्या एल्मच्या झाडाआड जाऊन ओकला. खटला होता एका डुकराचा. डुक्कर कुंपण मोडून शेजाऱ्याच्या मक्यात शिरलं आणि शेजाऱ्याने त्याला गोळी घातली. जोथम डुकराच्या मालकाकडून होता. कुणी फासावर जाणार नव्हतं की तुरुंगात जाणार नव्हतं. तरी सकाळपासून पोटात न गेलेलं सगळं बाहेर यायला बघू लागलं.

कोर्टामागेच पिंपं बनवणाऱ्या सुताराचं अंगण होतं. सुताराची मुलगी हेप्सी तिथून सगळं बघत होती. ती पाण्याचं भांडं घेऊन कुंपणापाशी आली.

"काय खाल्लं होतंत एवढं?"

"काहीच नाही."

"मग ओकताय काय?"

जोथमने रुमालाने तोंड पुसलं. खोटं बोलायचंही त्याच्या अंगात त्राण नव्हतं. "भीती," तो म्हणाला.

हेप्सी हसली नाही. "अजून उरलीय का? उरली असेल तर काढून टाका. मी पाठ करते तिकडे."

तो खटला जोथम जिंकला. पुढच्या वसंतात हेप्सीशी त्याचं लग्न झालं.

हे १८३४ सालचं. जोथम तेव्हा चोवीस वर्षांचा, व्हरमाँटकडच्या डोंगरातून आलेला, कातडी कमावणाऱ्या बापाचा चौथा मुलगा. लहानपणी तो विजेला भ्यायचा, बैलाला भ्यायचा, रविवारी धर्मगुरू मोठ्या आवाजात बोलू लागले की आईच्या झग्यात तोंड लपवायचा. कशामुळे हे असं, ते कुणाला सांगता आलं नाही. भाऊ चिडवायचे, बाप म्हणायचा, होईल मोठा झाला की. तो मोठा झाला, उंच झाला, दाढी आली, भीती होती तेवढीच राहिली. पुस्तकं कुणावर ओरडत नाहीत म्हणून तो वाचत बसायचा, वाचता वाचता कायदा शिकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वकिलाला आयुष्यभर उभं राहून लोकांसमोर बोलावं लागतं.

आमचं हार्लन्स लँडिंग ओहायो नदीच्या उत्तर काठावर आहे. समोर केंटकी. तिकडे माणसं विकली जायची, इकडे नाही. मधे उन्हाळ्यात गुरं उतरून जातील एवढं पाणी. अशा गावात वकिली करायची म्हणजे काठाकाठाने चालायचं. जोथम तसाच चालला. कुंपणं, वाटण्या, मृत्युपत्रं. लोकांना तो आवडायचा, कारण तो हळू बोलायचा, एकेक शब्द तोलून. खरं तर तो तोलत वगैरे काही नव्हता. पुढचा शब्द तोंडातून निघेल की नाही, हेच त्याला कळत नसायचं.

हे गुपित हेप्सीशिवाय आणखी एकीला ठाऊक होतं. डोर्कस वेल नावाची एक काळी बाई नदीकाठच्या गल्लीत धुण्याइस्त्रीचं काम करायची. चाळिशीची, रुंद हाडाची, जिभेला धार. अर्ध्या गावाचे शर्ट तिच्या हातून जायचे.

"वकीलसाहेब, परवा जिंकलात वाटतं," कपडे द्यायला आली की ती म्हणायची.

"तुला कुणी सांगितलं?"

"कॉलरने. आतून नुसतं मीठ. हरता तेव्हा तुम्हाला एवढा घाम येत नाही."

जोथम लाजून पुस्तकात डोकं घालायचा.

१८४८ मध्ये व्हिग पक्षाचे दोन तगडे पुढारी एकमेकांशी असे भांडले की वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या कायदेमंडळात, दोघांपैकी कुणालाच पाठवणं जमेना. शेवटी पक्षाची माणसं जोथमच्या दारी आली. "पिंग्री, तुझ्यावर कुणाचा राग नाही," त्यातला म्होरक्या म्हणाला. "सध्या हीच मोठी लायकी आहे." नाही म्हणायचीही जोथमला भीती वाटली. तो निवडून आला.

वॉशिंग्टनला तो एका खानावळीत राहिला. सभागृहात शेवटून दुसऱ्या रांगेत बसायचा. तीन महिने त्याने तोंड उघडलं नाही. मग एका सकाळी त्याने आपल्या भागातल्या दोनशे बायकांनी सही केलेला, गुलामीविरुद्धचा एक अर्ज गुपचूप टेबलावर ठेवला. त्याच दुपारी बाहेरच्या कमानीखाली दक्षिणेकडच्या एका धिप्पाड सभासदाने त्याच्या कोटाचं बटण चिमटीत धरलं. दुसऱ्या हाताने स्वतःचा कोट उघडून दाखवला. आत पट्ट्याला पिस्तूल होतं.

"पिंग्री," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "पुढच्या वेळी असला कागद ठेवशील ना, तो डाव्या हाताने ठेव. उजवा तुला मोकळा लागेल."

आणि बटण तोडून जोथमच्या हातावर ठेवून तो निघून गेला.

त्या दिवसापासून जोथम भिंतीच्या कडेने चालायला लागला. मागे पाऊल वाजलं की त्याच्या मानेवर काटा यायचा. हेप्सीला पत्र लिहिताना हवापाण्याबद्दल लिहायचा.

१८५० च्या सप्टेंबरात पळून आलेल्या गुलामांना पकडण्याचा नवा कायदा मताला आला. कायदा असा की मालकाने येऊन कागद दाखवायचा, दोन माणसांनी शपथेवर सांगायचं, आणि उत्तरेकडच्या कुठल्याही गावातून त्या माणसाला बेड्या घालून न्यायचं. पंच नाहीत. ज्याला पकडलं त्याला स्वतःबद्दल साक्ष द्यायची मुभा नाही. जोथमने विरोधात मत द्यायचं ठरवलं होतं. तसं तो हेप्सीला सांगूनही आला होता.

नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक जण हो किंवा नाही म्हणत होता. पुकारा इंग्रजी 'एम' अक्षरापाशी आला, 'पी' जवळ आलं, तेव्हा त्या धिप्पाड सभासदाने खुर्चीत वळून मागे बघितलं. जोथमकडेच बघितलं असं नाही, नुसतं मागे बघितलं. जोथम उठला. पाय त्याला दाराबाहेर घेऊन गेले, ग्रंथालयाच्या बोळात. त्याने कपाटातून हाताला येईल ते पुस्तक काढलं. फळझाडांची कलमं कशी करावी याचं ते पुस्तक होतं. दाराच्या फटीतून त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं. "पिंग्री." थांबून पुन्हा, "पिंग्री." मग पुढचं नाव.

त्याने घरी लिहिलं की ऐन वेळी पोट बिघडलं. उत्तर एका ओळीचं आलं. "आता बरं असेल. मुदत संपली की घरी या. हेप्सी."

पुढच्या मार्चमध्ये तो घरी आला आणि पुन्हा कुंपणं नि वाटण्यांच्या कामाला लागला. मतदानाबद्दल हेप्सीने कधी विचारलं नाही. डोर्कस धुणं घेऊन येत राहिली, फक्त कॉलरवरून बोलायची बंद झाली. ती आली की जोथम मागच्या खोलीत जाऊन बसायचा.

सहा महिन्यांनी, सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, तिला कपडे वाळत घालताना धरलं. सरकारी मार्शल होता आणि बरोबर केंटकीचा मेजर ट्रेंथम नावाचा जमीनदार. त्याचं म्हणणं, ही आमची सुकी, १८३४ च्या कापणीत माझ्या वडिलांच्या शेतावरून पळालेली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुनावणी ठरली. गावात आणखी दोन वकील होते. एकाची दाढ त्याच सकाळी ठणकायला लागली, दुसरा बहिणीकडे निघून गेला.

निरोप जोथमकडे आला. तो कोठडीपर्यंत गेला तेव्हा त्याला वाटत होतं, आपण नाही म्हणायलाच चाललोय.

डोर्कस बाकावर बसली होती. मनगटांना साखळी. हातांवर साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता.

"मी नसतो तर बरं झालं असतं," जोथम म्हणाला. "गावात कुणी दुसरा चांगला..."

"मला तुम्हीच हवे होतात."

"मी? मी काय केलं वॉशिंग्टनला, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण साहेब, सकाळपासून जो येतो तो म्हणतो, धीर धर. धीर कुठून धरू? तुम्ही तरी तसं म्हणणार नाही." ती पुढे वाकली, आवाज उतरला. "ऐका. मी त्यांची सुकी नाही. देवाशपथ नाही. पण मी पळालेली आहे. दुसऱ्या घरून. एकतीस साली. बत्तीसच्या पुरात मी इकडे क्लिंगरच्या चक्कीवर स्वैपाकाला होते. त्याच्या पोरीला मी या हातांनी जगात आणलंय."

निर्दोष बाईसाठी उभं राहणं वेगळं. ही एका खोट्या दाव्यातून सुटणार, पण नीट खोदलं तर खालून खरा निघणार. एक प्रश्न चुकला तर त्याच्याच तोंडून ती जाणार. त्याला दरवाजा दिसत होता. तीन पावलांवर होता.

"क्लिंगर जिवंत आहे?" त्याने विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला.

टोबायस क्लिंगर जिवंत होता, नदीने पंचवीस मैल वरच्या अंगाला, त्याच चक्कीवर. जोथम घरी आला तेव्हा हेप्सी टोपी बांधत होती. क्लिंगर कुठे असतो हे जोथमने वाटेत विचारलं होतं, आणि ती बातमी त्याच्या आधीच घरी पोचली होती.

"दुपारच्या बोटीने मी जाते," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या बोटीने म्हाताऱ्याला घेऊन येते. नऊपर्यंत इथे."

"तू? एकटी? आणि पाणी किती उतरलंय बघितलंस का?"

"तुम्ही इथे घाबरा. मी तिकडे जाऊन येते. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

"हेप्सी, माझ्याच्याने होणार नाही."

तिने टोपीची गाठ मारली. "मी तुम्हाला ओकताना बघितलं आणि मग लग्न केलं. उलटं नाही."

बुधवारी सकाळी नदीवर पलीकडून होड्यांवर होड्या आल्या. कोर्टाच्या पायऱ्यांवर केंटकीची माणसं, आवारात गावची माणसं, आणि मधून जायला हातभर वाट. त्या वाटेवर मेजर ट्रेंथम उभा होता. शेजारी त्याचा पुतण्या, लाल मानेचा, कोट एका बाजूने जड.

"काँग्रेसचे पिंग्री ना?" मेजरने टोपी काढली. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय. पोट कसं आहे? आज नावं पुकारणार नाहीत, काळजी नको."

पायऱ्या हसल्या. जोथम खाली बघून आत गेला. नऊ वाजून गेले होते आणि बोटीची शिटी ऐकू आली नव्हती.

या कायद्याखाली न्यायाधीशाच्या जागी आयुक्त असायचा, आणि आयुक्त म्हणून बसला होता एबेन विंच. जोथमच्याच वयाचा, चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढणारा. दुष्ट माणूस नव्हता. त्याला फक्त काम लवकर संपवायचं असायचं. मेजरच्या वकिलाने कागद वाचले. दोन माणसांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं, हीच सुकी. अकरा वाजले.

"तुमचं काय?" विंचने विचारलं.

जोथम उठला. "साहेब, माझा साक्षीदार बोटीवर आहे. उद्यापर्यंत..."

"कायद्यात उद्या नाही. झटपट निकाल द्या म्हटलंय. तुम्हीच पाठवलाय ना हा कायदा वॉशिंग्टनहून?"

पुन्हा हशा. विंचने बाहेरच्या गर्दीकडे बघितलं, गावच्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे, आणि जरा नरमला. "हे बघा जोथम. तुमचं बोलणं मी तोडलं असं कुणी म्हणायला नको. उभे आहात तोवर बोला. बसलात की निकाल."

जोथमच्या हातात अर्ध्या तासाचे मुद्दे होते. ते वीस मिनिटांत संपले, कारण घाबरला की तो भरभर बोलायचा. त्याने खिडकीतून नदीकडे बघितलं. वाळूचे पट्टे दिसत होते, धूर नव्हता. बोट कुठेतरी गाळात रुतली असणार. की हेप्सीला काही झालं? त्याने कायद्याचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या कलमापासून सगळा कायदा वाचायला घेतला.

"यावर आमची हरकत आहे!" मेजरचा वकील म्हणाला. "कायदा सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नीट ठाऊक नाही," विंच म्हणाला. "वाचू द्या."

कायदा वाचून झाला. मग जोथमने कागदावरचा शिक्का बघायला मागितला, अर्धा तास शिक्क्याबद्दल बोलला. मग वर्णन घेतलं. सुकीची उंची पाच फूट चार इंच लिहिली होती. मोजा म्हणाला. फूटपट्टी आणायला माणूस गेला. डोर्कसला बुटांसकट मोजलं, बूट काढून मोजलं, ताठ उभं करून मोजलं. तीन वेळा तीन वेगवेगळे आकडे आले आणि मेजरचा वकील डोकं धरून बसला. एक वाजता विंचने कामकाज न थांबवताच डब्यातून चीज आणि लोणच्याच्या काकड्या काढल्या आणि खात खात ऐकू लागला.

दोन वाजेपर्यंत जोथमच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. शर्ट पाठीला चिकटला होता. पहिल्या रांगेत पुतण्या बसला होता, हात कोटाच्या आत. अधूनमधून आतून खट्ट असा बारीक आवाज यायचा. पिस्तुलाचा घोडा ओढायचा, हळूच सोडायचा. खट्ट. प्रत्येक आवाजाला जोथमचं वाक्य मधेच तुटायचं. त्याला वाटायचं, पुढचा आवाज ऐकूच येणार नाही.

आणि खुर्ची. खुर्चीची कड त्याच्या गुडघ्यांना मागून टेकत होती. गुडघे जरासे सोडले की झालं. कुणी म्हणणार नाही, पिंग्री पळाला. म्हणतील, बिचारा तीन तास बोलला, माणसाने आणखी काय करायचं? खट्ट. त्याचे गुडघे वाकले. तो खाली जायला लागला.

मागे लाकूड घासल्याचा आवाज झाला. शेजारी बसलेल्या डोर्कसने पायाने खुर्ची मागे ढकलली होती. ती समोर बघत होती, जणू काही घडलंच नाही. जोथमने दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि स्वतःला वर ओढलं. आता बसायला जागाच उरली नव्हती.

तीन वाजता कायदा संपला, शिक्का संपला, उंची संपली. बोलण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. खोलीत शांतता पसरली आणि विंचने लेखणी उचलली. जोथमला त्या शांततेची पिस्तुलापेक्षा जास्त भीती वाटली. त्याने तोंड उघडलं आणि जे आत होतं तेच बाहेर आलं.

"हा कायदा झाला तेव्हा मी सभागृहात नव्हतो," तो म्हणाला. "पोट बिघडलं होतं असं मी घरी लिहिलं. ते खोटं आहे. मी ग्रंथालयाच्या बोळात उभा होतो. हातात फळझाडांचं पुस्तक होतं. माझं नाव दोनदा पुकारलं. मला ऐकू आलं. मी गेलो नाही, कारण एका माणसाने मला पिस्तूल दाखवलं होतं. त्या गोष्टीला तेव्हा कित्येक महिने झाले होते. तो ती विसरलाही असेल."

कुणी हसलं नाही.

"मी आत्ताही घाबरलोय. पहिल्या रांगेतल्या या गृहस्थांनी कोटात काय धरलंय ते मला ठाऊक आहे. सकाळपासून मी ते मोजतोय, एकवीस वेळा झालं. माझ्या एका मताने कायदा थांबला नसता. पण ही बाई आज इथे बसलीय आणि मला तिच्याकडे बघता येत नाही. बारा वर्षं तिने माझे शर्ट धुतले."

"चौदा," डोर्कस म्हणाली.

"तिला बोलायची परवानगी नाही!" मेजरचा वकील ओरडला.

"पिंग्री," विंचने घसा साफ केला, "हा पुरावा आहे का?"

"नाही, साहेब. पण मी अजून उभा आहे."

तेव्हा मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसू टिंगलीचं नव्हतं. दोन गाववाले उठून पुतण्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसले, खांद्याला खांदा लावून. त्यानंतर तो आवाज आला नाही. जोथम बोलत राहिला. काय बोलला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. कुंपणाच्या खटल्यांबद्दल बोलला असेल, व्हरमाँटच्या बर्फाबद्दल बोलला असेल.

चार वाजून गेल्यावर दार उघडलं. हेप्सी होती. गुडघ्यांपर्यंत चिखल, टोपी पाठीवर लोंबत होती. मागे एक लठ्ठ म्हातारा धापा टाकत होता. बोट सकाळी सातलाच वाळूत बसली होती. ती दोघं पाण्यातून काठावर आली होती आणि एका शेतकऱ्याचं खेचर मागून, आळीपाळीने बसत चौदा मैल आली होती.

क्लिंगरने शपथ घेतली. बत्तीसच्या पुरात ही बाई माझ्या घरी होती, तो म्हणाला, पाणी माडीच्या दुसऱ्या पायरीवर आलं तेव्हा माझी मुलगी जन्मली, हिच्या हातात.

"इतक्या वर्षांनी हीच ती, हे कशावरून?" मेजरच्या वकिलाने विचारलं.

"माझ्या घरात मला तोंडावर मूर्ख म्हणणारी एकच बाई होऊन गेली. पाणी चढत होतं आणि मी पिठाची पोती तळघरात नेत होतो."

"होतातच मूर्ख," डोर्कस म्हणाली.

"ऐकलंत?" क्लिंगर विंचकडे वळला. "हाच आवाज."

सगळी खोली हसली. पण वकील हसला नाही. तो सावकाश पुढे आला. "ही तुमच्याकडे आली कुठून?"

हाच तो प्रश्न. क्लिंगर देवभोळा माणूस, हात अजून बायबलावर. जोथमने हरकत घ्यायला तोंड उघडलं. दिवसभर चाललेला आवाज आता फुटेना.

"दारातून," क्लिंगर म्हणाला.

"त्याआधी?"

"अंगणातून."

"अंगणात कुठून?"

"साहेब, फेब्रुवारी होता, बायको अवघडलेली होती आणि दारात स्वैपाक येणारी बाई उभी होती. मी तिची जन्मकथा विचारत बसायला हवं होतं का?"

विंचने डबा बंद केला. मेजरची बाई चौतीसला पळाली, ही बत्तीसला ओहायोत होती, म्हणजे ही ती नव्हे. साखळी काढा. एवढंच बोलून तो उठला. मेजर टोपी घालून निघून गेला.

लोक जोथमला बसा म्हणाले तर त्याचे गुडघे वाकेनात. हेप्सीने आणि क्लिंगरने त्याला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेलं. एल्मखाली तो खूप वेळ खोडाला कपाळ टेकून उभा होता.

शुक्रवारी डोर्कस त्याच्या दारी आली. बाहेर एक बंद गाडी उभी होती. उत्तरेकडे सरोवर, सरोवरापलीकडे कॅनडा, जिथे हा कायदा चालत नव्हता.

"पण आपण जिंकलो ना!" जोथम म्हणाला.

"जिंकलो. ते आता वर्तमानपत्रात येईल. माझं नाव, वय, बत्तीस साली मी कुठे होते, सगळं. आणि ज्याच्या घरून मी खरी पळाले ना साहेब, त्याला वाचता येतं."

तिने त्याचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुमचे हात अजून थरथरताहेत," ती म्हणाली.

"थांबत नाहीत."

"माझेही."

गाडी गेली. रविवारी जोथमच्या घराच्या चार काचा फुटल्या. नंतर कुणीतरी गोठ्यावर गोळ्या झाडल्या आणि गाय आटली. पलीकडच्या काठाशी व्यवहार असलेली अशिलं एकेक करून दुसऱ्या वकिलांकडे गेली. दोन वर्षं जोथम कोर्टात हेप्सीबरोबर जायचा, तिच्याबरोबर परत यायचा. पोरं मागून नावं ठेवायची. दार वाजलं की तो आधी खिडकीतून बघायचा. कॅनडाहून एक पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. इथे थंडी मरणाची आहे, लोक कंजूस आहेत आणि मी दाराला कडी न लावता झोपते. जोथमने ते तीनदा वाचलं. कडी न लावता झोपणं कसं असतं, याची त्याला कल्पना करता येईना.

१८५४ मध्ये पक्ष फुटले, नवे झाले, आणि गावाने त्याला पुन्हा उभं केलं. या वेळी त्याच्यावर बऱ्याच जणांचा राग होता. तरी तो थोड्या मतांनी आला. सभागृहात तो धिप्पाड सभासद अजून होता, केस पिकलेला. जोथम एकदाच बोलला, अकरा मिनिटं, टेबल दोन्ही हातांनी धरून, त्याच कायद्याविरुद्ध. तो माणूस सगळा वेळ चाकूने नखं काढत बसला होता. नंतर जाता जाता थांबला आणि म्हणाला, "आपली ओळख झालीय का कधी?"

जोथमने हेप्सीला लिहिलं, "बोललो. काही झालं नाही. मी त्याला सहा वर्षं भ्यालो आणि त्याला माझं नाव आठवत नव्हतं. पाठ खूप दुखतेय. लवकर येतो."

पुढच्या निवडणुकीत तो पडला. उत्तर आणि दक्षिणेतलं युद्ध आलं आणि गेलं, आणि त्या युद्धाबरोबर तो कायदाही गेला. जोथम म्हातारा झाला, कागदपत्रं घरीच बघू लागला. विजेला शेवटपर्यंत भ्यायचा. ढग आले की हेप्सी पडदे ओढून घ्यायची आणि मोठ्याने काहीतरी वाचून दाखवायची. १८७२ च्या एप्रिलमध्ये तापाच्या चौथ्या दिवशी तो गेला. जाताना हेप्सीचा हात त्याने इतका घट्ट धरला होता की तिच्या अंगठीखालची कातडी सोलवटली.

अंत्यविधीच्या आधी नवा तरुण धर्मगुरू प्रवचन दाखवायला घरी आला. हेप्सीने चष्मा लावून पहिलं पान वाचलं.

"हे काय लिहिलंय? भीती म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं?"

"अं, गावात सगळे सांगतात, त्या दिवशी पाच तास..."

"ते खोडा."

"मग तिथे काय लिहू, मावशी?"

हेप्सीने विचार केला. स्वैपाकघरात शेजारणी जेवणाची तयारी करत होत्या, भांडी वाजत होती. "काही लिहू नका," ती म्हणाली. "गाणं एक जास्त म्हणा. आणि थोडक्यात आवरा. क्लिंगरची मुलगी लांबून येतेय, तिला उजेडात परत जायचंय."